केनियाला मिशन ट्रिपला निघालाय? आधी पाहुणा म्हणून कसं वागायचं ते बघा

मिरज, सांगली, सातारा, वाई इकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांतनं, म्हणजे चर्चमधनं, हल्ली तरुण संघाची पोरं परदेशात मिशन ट्रिपला, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये सेवेला, जायला लागलीत, कोण नेपाळला जातंय कोण केनियाला, आणि निघायच्या आधी सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, बॅगेत काय काय भरू. बॅगेचं सांगतो पुढं, पण तिथल्या माणसांशी जुळणार कसं हे कुणी विचारतच नाही, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढू. मी केनियाचंच धरून लिहितोय कारण तिकडचं मला जरा ठाऊक आहे, दुसऱ्या देशात जाणाऱ्यांनी आपापलं जुळवून घ्या.

पहिली गोष्ट. केनियाच्या २०१९ च्या जनगणनेत शंभरातली साधारण ८५ माणसं ख्रिस्ती निघाली. आणि आपल्या महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत ख्रिस्ती किती, तर एक टक्क्याच्या पण आत. म्हणजे तिकडं गल्लोगल्ली चर्च, रविवारी रस्त्यावर सगळी माणसं इस्त्रीचे कपडे घालून निघालेली, रात्रभर प्रार्थना चालतात त्यांना ते केशा म्हणतात, आणि आपण इकडनं विमानाचं तिकीट काढून त्यांना येशू सांगायला निघालो. जरा विचार करा की. त्यांना सुवार्ता माहितीय, आपल्यापेक्षा जास्त पाठ आहे. त्यामुळं "आम्ही सेवा द्यायला आलोय" हे डोक्यातनं काढून टाका आणि पाहुणा म्हणून जा. पाहुणा काय करतो? घरातलं जे ताटात येईल ते खातो, घरच्यांची विचारपूस करतो, म्हाताऱ्या माणसाजवळ बसतो, आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी हलवत नाही. एवढं जमलं तरी निम्मं काम झालं.

आणि हे आपल्याला कळायला पाहिजे, कारण आपण ह्या सगळ्याच्या दुसऱ्या बाजूला राहिलेली माणसं आहोत. आपल्याकडं पण मिशनरी आलेच की. डॉ. विल्यम वानलेस १८८९ साली आले, १८९४ ला मिरजेत दवाखाना उभा केला आणि जवळजवळ चाळीस वर्षं इथंच काढली, म्हणून सांगली-मिरज रस्त्यावर वानलेसवाडी आहे आणि जातीधर्माचा विचार न करता लोक ते नाव घेतात. साताऱ्यात रेव्ह. ना. वा. टिळकांनी १९१७ साली देवाचा दरबार सुरू केला, मिशनचा पगार सोडून, का, तर ख्रिस्ती भक्ती आपल्या मातीतली वाटली पाहिजे म्हणून, आणि त्यांच्या अभंगांमुळं आज आपण उपासनेत टाळ वाजवून गातो. आणि दुसरीकडं काय, तर बाहेरनं येणारे ते ग्रुप पण आपण बघितलेत, दोन दिवस येणार, एकसारखे टी-शर्ट, पोरांना चॉकलेटं वाटणार, हातवारे करत एक गाणं शिकवणार, भरपूर फोटो काढणार आणि जाणार. त्यांतल्या एकाचं तरी नाव आठवतंय का तुम्हाला? मला नाही आठवत. पण संडे स्कूलमधल्या बाईंच्या घरी बसून तिखटानं नाकातनं पाणी येईस्तोवर आमटी-भात खाणारा आणि "अजून वाढा" एवढंच मराठी शिकलेला पाहुणा सगळ्या गल्लीला आठवतो. तसं व्हायचंय आपल्याला.

आता तयारी. दोन-तीन महिने आधीपासनं सुरू करा, शेवटच्या आठवड्यात नको.

भाषा. केनियात इंग्लिश चालतं, शाळेत शिकवतात, त्यामुळं आपली पोरं म्हणतात की स्वाहिली कशाला. अहो, इंग्लिशमध्ये कामाचं बोलणं होतं, आणि स्वाहिलीत दोन शब्द बोललात की समोरची आजी हसते, हात धरते, मग पुढचं सगळं सोपं. आणि अवघड पण नाही, आपल्या कानाला ओळखीचे शब्द खूप आहेत, चाय, चपाती, गारी म्हणजे गाडी, दुका म्हणजे दुकान, हेसाबू म्हणजे हिशोब, साबुनी म्हणजे साबण, बिमा म्हणजे विमा. एवढं तर जातानाच येतंय तुम्हाला. वर "हबारी" म्हणजे कसं काय, त्याला उत्तर "न्झुरी", "असांते साना" म्हणजे खूप आभार, "करिबू" म्हणजे या या, आणि कुणाला ठेच लागली, कुणाचं वाईट झालं, नुसतं ओझं उचलून दमलं तरी "पोले" म्हणायचं. चर्चमध्ये "ब्वाना असिफिवे" म्हटलं की सगळे "आमेन" म्हणतात, आपल्या "प्रभूची स्तुती असो"सारखंच. पुण्यात आफ्रिकेतले विद्यार्थी भरपूर आहेत, मंडळीतल्या कुणाची तरी ओळख निघतेच, त्यांतल्या केनिया-टांझानियाच्या एखाद्या पोराला सणाला घरी जेवायला बोलवा आणि त्याच्याकडनंच शिका. ह्यात भाषा तर येतेच, पण त्या पोराला इथं घर मिळतं, जे खरं तर आपण आधीच करायला पाहिजे होतं, विमान पकडायच्या आधी.

कागदपत्रं पटकन सांगतो. २०२४ पासनं केनियाचा व्हिसा बंद होऊन ईटीए म्हणजे प्रवासाची ऑनलाइन परवानगी आलीय, ती आधीच काढा, तिथल्या मंडळीचं निमंत्रणपत्र मागवून घ्या आणि फॉर्ममध्ये कशासाठी जाताय ते खरं लिहा, उगाच फिरायला चाललोय म्हणून लिहून तिकडं व्यासपीठावर उभं राहू नका, अडचणीत तुमच्याबरोबर तिथला पाळक म्हणजे पास्टर पण येतो. पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची आणि प्रवासाच्या निदान १० दिवस आधी, कारण परत येताना भारतातल्या विमानतळावर ते कार्ड बघतात आणि नसेल तर ६ दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतात. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा. आणि मिरजेची टीम म्हटलं की त्यात दोन नर्स आणि एक डॉक्टर असणारच, मग लगेच मेडिकल कॅम्पची कल्पना निघते, तर बाबांनो, तिथं पेशंट तपासायला केनियाच्या मेडिकल कौन्सिलचं तात्पुरतं लायसन लागतं, नर्सना त्यांच्या नर्सिंग कौन्सिलची परवानगी लागते, ते मिळवायला वेळ जातो. नसेल तर तिथल्या दवाखान्यात जाऊन तिथल्या नर्सच्या हाताखाली पडेल ती मदत करा, त्यात ओळखी जास्त होतात.

बॅग. केनियात २०१७ च्या ऑगस्टपासनं प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे, आणि आपल्यासारखी नावापुरती नाही, दंड मोठा आहे आणि कैदेची पण तरतूद आहे. आपल्या घरात आई चपला, साबण, लोणचं सगळं कॅरीबॅगेत गुंडाळून देते, त्यामुळं निघायच्या आदल्या रात्री सगळ्यांच्या बॅगा उघडून बघा आणि कापडी पिशव्या द्या. भेट म्हणून सांगलीची हळद आणि बेदाणे न्या, पॅकबंद, हलकं आहे, टिकतं आणि "हे आमच्या गावचं" म्हणून सांगता येतं. साताऱ्याचे कंदी पेढे नेऊ नका, दुधाचं आहे, कस्टममध्ये अडकेल नाहीतर वाटेत खराब होईल. भडंग न्या, पण ते वाटायच्या आधी तिखट आहे म्हणून सांगा, तिकडचं जेवण आपल्या मानानं फिकं असतं. एक टाळजोडी चेक-इनच्या बॅगेत टाका, ती कशाला ते पुढं सांगतो.

आता तिथं गेल्यावर बोलायला विषय काय, हे पण आधी वाचून जा. बहुतेकांना माहीत नसतं की आपलं आणि केनियाच्या ख्रिस्ती मंडळीचं जुनं नातं आहे. गुलामांच्या जहाजांवरनं सोडवलेली आफ्रिकन पोरं मुंबईला आणली जायची, त्यातली कितीतरी नाशिकला शरणपूरच्या मिशनमध्ये वाढली, शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली, आणि मग १८७५ मध्ये मोंबासाजवळ फ्रिअरटाउन म्हणून वस्ती झाली तिथं त्यातली बरीच जण गेली आणि तिकडच्या सुरुवातीच्या चर्चमध्ये शिक्षक, उपदेशक झाली. त्यांना बॉम्बे आफ्रिकन्सच म्हणायचे. आफ्रिकेत फिरलेला मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन, त्याचा मृतदेह १८७४ ला लंडनला गेला तेव्हा बरोबर गेलेला जेकब वेनराइट हा ह्याच नाशिकच्या शाळेतला. आणि ती वस्ती ज्या बार्टल फ्रिअरच्या नावानं झाली तो मुंबईचा गव्हर्नर झाला खरा पण त्याआधी १८४० च्या दशकात आपल्या साताऱ्यालाच रेसिडेंट म्हणजे इंग्रजांचा प्रतिनिधी होता. म्हणजे मोंबासाला जाणार असाल तर फ्रिअरटाउनची जुनी घंटा आहे तिथं जाऊन उभं राहा आणि तिथल्या पास्टरना हे सांगा, बघा मग गप्पा कुठल्या कुठं जातात. नाशिकची पोरं मोंबासाला उपदेशक होती हे ऐकलं की "तुम्ही कोण आम्हाला शिकवणारे" हा प्रश्नच राहत नाही, दोघंही एकाच जुन्या वहीतले निघतात.

दुसरा इतिहास जरा अवघड आहे, तो पण माहीत पाहिजे. १८९६ पासनं इंग्रजांनी मोंबासापासनं आत रेल्वे टाकली त्यासाठी हिंदुस्थानातनं ३० हजारांच्या वर मजूर नेले, दोन हजारांच्या वर तिथंच मेले. काही मागं राहिले, नंतर गुजराती-पंजाबी व्यापारी आले, दुकानं झाली, कारखाने झाले, आणि आज केनियातल्या साध्या माणसाला मुहिंदी म्हणजे भारतीय माणूस म्हटलं की डोळ्यापुढं दुकानाचा नाहीतर कंपनीचा मालक येतो. २०१७ मध्ये तिथल्या सरकारनं केनियातल्या भारतीय वंशाच्या लोकांना देशातली ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली ते खरं, पण मालक-नोकर हे नातं लोकांच्या मनातनं जात नाही. तुम्ही कवठेमहांकाळचे शेतकरी असा नाहीतर मिरजेतले रिक्षावाले, तिथं उतरल्यावर पहिल्या नजरेत तुम्ही साहेबच. त्यामुळं कुणी खुर्ची पुढं केली तर बसा, मान राखायचा असतो, पण मग उठून पाणी भरायला, शेंगा सोलायला, भांडी विसळायला हात लावा. आम्ही गेलो होतो तिथं आमच्यातल्या एका काकूंनी चुलीपुढं बसून चपात्या लाटायला घेतल्या, केनियात चपाती सणासुदीचं खाणं आहे आणि जाडजूड असते, आणि काकूंची पातळ चपाती फुगलेली बघून सगळ्या बायका जमल्या, मग त्यांनी काकूंना त्यांची पद्धत दाखवली, तेल लावून गुंडाळी करून परत लाटायची, तासभर तेच चाललं. त्या दिवशी व्यासपीठावरनं जे भाषण झालं ते कुणाला आठवत असेल असं वाटत नाही.

(इथं एक लक्षात घ्या, आधी "शिकवा" म्हणायचं आणि मग वाटलं तर दाखवायचं, उलटं करायचं नाही. पण त्या बायकांनीच पीठ आणून दिलेलं, म्हणून चाललं.)

खाणं. उगाली म्हणजे पांढऱ्या मक्याच्या पिठाचा घट्ट उकडलेला गोळा, हातानं तोडायचा, बोटांनी वळायचा, अंगठ्यानं खळगा करायचा आणि त्यात सुकुमा म्हणजे चिरलेली हिरवी भाजी नाहीतर रस्सा घेऊन खायचा. हातानं जेवायची सवय आपल्याला आहे हा केवढा मोठा फायदा आहे बघा, युरोपातल्या टीमला तिथंच काटा-चमचा शोधायला लागतो. जेवायच्या आधी कुणीतरी तांब्या-घंगाळासारखं जग आणि टोपलं घेऊन येतं हातावर पाणी घालायला, सगळ्यांचं होईस्तोवर थांबायचं, मग प्रार्थना, मग जेवण. पहिला घास घ्यायच्या आधी बॅगेतली लसणाची चटणी बाहेर काढू नका हो. दोन दिवस त्यांचं जसंच्या तसं खा, मग तिसऱ्या दिवशी चटणी सगळ्यांच्या मधोमध ठेवा, स्वतःच्या ताटाखाली लपवू नका. टीममध्ये कोण शाकाहारी असेल तर ते निघायच्या आधीच कळवा, कारण पाहुण्यासाठी कोंबडी कापली जाते, आणि ती कोंबडी त्या घराला परवडलेली नसते, ताटात आल्यावर "मी खात नाही" म्हणणं फार वाईट दिसतं. आणि चहा. दूध-साखर घालून उकळलेला चहा, आपल्यासारखाच, तो कुठल्याही घरी कुठल्याही वेळी येणार, नाही म्हणायचं नाही. ज्याला शुगर आहे त्यानं आधीच घरच्या बाईला हळू सांगून ठेवा.

कुणाच्या घरी गेलात तर दारातनं "होडी" म्हणून हाक मारा, आतनं "करिबू" आलं की मगच आत जा. नमस्कार म्हणजे हात मिळवणं, आणि खोलीत दहा माणसं असतील तर दहाही जणांशी, लहान पोरापासनं म्हातारीपर्यंत, सरसकट हात हलवून भागत नाही. मग तब्येत, घर, पोरं, पाऊस, पीक सगळं विचारून होतं, मग कामाचं. आपल्या गावाकडं पण हेच होतं, शहरात राहून आपण विसरलो. बाईला तिच्या थोरल्या लेकराच्या नावानं हाक मारतात, मामा अमुक म्हणून, ते नाव विचारून घ्या. देताघेताना उजवा हात.

वेळ. हे मी ठळक सांगतो कारण ह्यात गोंधळ ठरलेला. स्वाहिलीत दिवसाचे तास सूर्योदयापासनं मोजतात, सकाळचे सात म्हणजे त्यांचा पहिला तास, नऊ म्हणजे तिसरा. कुणी स्वाहिलीत वेळ सांगितली तर ६ तास मिळवायचे. इंग्लिशमध्ये सांगितली तर आपलीच. दोनदा विचारून घ्या आणि मग तरीसुद्धा थांबायची तयारी ठेवा, गाडी भरल्याशिवाय सुटत नाही, म्हाताऱ्या पाळकसाहेबांची वाट बघितल्याशिवाय उपासना सुरू होत नाही. आपली एसटी पण कुठं वेळेवर येते, पण परदेशात गेलो की आपल्याला अचानक घड्याळ सुचतं.

उपासना. दोन-तीन तास धरून चाला, कधी जास्त. पाहुण्यांना उभं राहून ओळख करून द्यायला सांगतात, हे ठरलेलंच, त्यामुळं प्रत्येकानं दोन मिनिटांचं तयार ठेवा, नाव, गाव, आपल्या मंडळीचा सलाम, एक वचन, बस खाली. दुभाष्या असेल तर एका वाक्यानंतर थांबा, आपल्यातले काही उपदेशक सलग पाच मिनिटं बोलतात आणि बिचारा दुभाष्या सगळं एका ओळीत गुंडाळतो. विनोद सांगू नका, भाषांतरात मरतो. बायकांनी गुडघ्याखालचे कपडे, खेड्यात पँटपेक्षा स्कर्ट नाहीतर सलवार-कमीज बरा, साडी नेसलात तर उत्तम, सगळ्या बघायला येतात, त्यातनंच बोलणं सुरू होतं. आणि गाण्याला टाळ्या, नाच, सगळं अंगानं असतं, कोपऱ्यात हात बांधून मोबाइलवर व्हिडिओ काढत उभं राहायचं नाही, येत नसलं तरी डुला.

तर टाळजोडी इथं काढायची. एक मराठी अभंग निवडा, धृपद छोटं असलेला, आधी त्याचा अर्थ सांगा, मग म्हणून दाखवा, मग टाळ तिथल्या पोरांच्या हातात द्या. ताल त्यांना शिकवायला लागत नाही, पाचव्या मिनिटाला ते आपल्यापेक्षा भारी वाजवतात. त्यांचं पण एक गाणं पाठ करून घ्या आणि परत आल्यावर इथं म्हणा. आमच्या मिरजेत तर सतार-तंबोरा करणारी घराणी आहेत, २०२४ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं त्याला, तंबोरा न्यायचा मोह होतो पण विमानात त्याचं काय होतं ते नको विचारायला.

खेड्यातल्या चर्चमध्ये ज्यांच्याकडं पैसे नसतात ते अंडी, कोंबडी, केळी, मका अर्पणात आणतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. आपल्या हंगामाच्या सणाचा लिलाव आठवतो का, तसंच. तुम्ही बोली लावा जरूर, मजा असते, पण खिशात पैसे आहेत म्हणून सगळंच उचलू नका, अंड्यांसाठी तिथली आजी बोली लावतेय आणि तुम्ही दुप्पट बोललात तर लोक टाळ्या वाजवतील पण आजीला काय वाटेल.

पैशाचं बोलायलाच पाहिजे. कुणी हातात हात घेऊन शाळेच्या फीचं सांगतं, कुणी आजारपणाचं, आणि खरं असतं ते बहुतेक वेळा. तरी स्वतःच्या मनानं नोटा काढू नका. आज एकाच्या हातात दिलेत तर उद्या शेजाऱ्याचं आणि त्याचं भांडण लागतं, आणि पाळकाला वर्षभर ते निस्तरायला लागतं. द्यायचंच असेल तर मंडळीच्या कमिटीला, सगळ्यांसमोर, पावती घेऊन. तिथं चर्चचं दान पण मोबाइलवरनं एम-पेसानं दिलं जातं, २००७ पासनं चाललंय ते, आपल्या यूपीआयच्या कितीतरी आधी, हे ऐकून आपल्या पोरांचा तोरा जरा उतरतो. आणि वचनं देऊ नका. "आम्ही परत येऊ, पंप बसवून देऊ, पोराला भारतात शिकायला बोलवू" असलं निरोपाच्या दिवशी रडत रडत तोंडातनं निघून जातं, इकडं आल्यावर आपण विसरतो, तिकडं लोक वाट बघत बसतात. काम करायचं म्हणून भिंतीला रंग देत बसू नका, गावात रंगारी असतोच, त्याचा रोज बुडतो, त्यापेक्षा त्यालाच कामाला लावा आणि त्याच्याबरोबर डबे उचला.

आता दोन अशा गोष्टी की ज्या मंडळीत कुणी उघड बोलत नाही. एक म्हणजे रंग. आपल्याकडं गोरं-काळं हे लग्नाच्या बोलण्यापासनं विनोदापर्यंत सगळीकडं आहे, आणि ते तोंडातनं मराठीत निसटतं, समोरच्याला कळत नाही म्हणून. कळतं बरं का. शब्द कळत नाही, हसणं कळतं. टीम लीडरनं विमानात बसायच्या आधी स्पष्ट सांगावं, असलं एक वाक्य ऐकलं तर त्याला व्यासपीठावर उभं करणार नाही. आणि यजमानांसमोर आपसात मराठीत खुसखुस करणं पण बंद, मग विषय कुठलाही असो. दुसरं म्हणजे जमात. आपल्याला आडनावावरनं माणूस ओळखायची घाणेरडी सवय आहे, ख्रिस्ती झालो तरी गेली नाही, आणि तिकडं गेल्यावर आपण सहज विचारतो, तुम्ही किकुयू का लुओ? २००७ च्या शेवटी निवडणुकीनंतर तिथं जमातींमध्ये दंगे झाले, हजाराच्या वर माणसं मेली, १ जानेवारी २००८ ला एल्डोरेटजवळ कियांबा गावात चर्चमध्ये आसऱ्याला बसलेल्या बायकापोरांसकट चर्च पेटवलं गेलं. एकाच बायबलवाली माणसं दोन्हीकडं. तो प्रश्न विचारू नका. त्यांनी आपणहून काढला विषय तर ऐका, आणि वाटलं तर आपल्याकडच्या जातीचं पण खरं सांगा, आपल्या मंडळ्यांत पण लग्न जमवताना काय चालतं ते. तिथं जे बोलणं होतं ते खरं असतं.

आपल्याकडं त्यांना द्यायला काय आहे मग? मला विचाराल तर एकच, की थोडके असून कसं राहायचं. त्यांना ह्याचं फार कुतूहल असतं, शंभरात एक पण नाही म्हणता, मग शेजारी त्रास देत नाहीत का, सण कसे करता. तेव्हा सांगा की ख्रिसमसला आपण करंज्या-शंकरपाळ्या करून सगळ्या गल्लीत ताटं पाठवतो आणि दिवाळीला त्यांचा फराळ आपल्या घरी येतो, मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या उरुसात गाणं ऐकायला सगळ्या धर्माची माणसं बसतात, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ. कधीमधी ताण असतो तो पण सांगा, गुळगुळीत चित्र नको.

फोटो विचारून. दुसऱ्याच्या लेकराला कडेवर घेऊन सेल्फी काढून "गरीब पण किती आनंदी" असं खाली लिहिणारा माणूस टीममध्ये असतोच, त्याचा फोन आधी ताब्यात घ्या. तुमच्या पोरीचा फोटो कुणी अनोळखी माणसानं असा टाकला तर चालेल का?

परत आल्यावर लोक ढिले पडतात. तिकडं व्हॉट्सअ‍ॅप सगळे वापरतात, तेव्हा ग्रुप करून गुड मॉर्निंगचे फोटो टाकत बसण्यापेक्षा ज्याच्या घरी राहिलात त्या एका माणसाला महिन्यातनं एकदा व्हॉइस मेसेज करा, मोडक्यातोडक्या स्वाहिलीत, पोराची परीक्षा कशी झाली विचारा. वेळ बघून करा, ते आपल्यापेक्षा अडीच तास मागं आहेत. मंडळीत साक्ष द्यायला, म्हणजे अनुभव सांगायला, उभं केलं तर आपण काय केलं ते कमी आणि तिथं काय बघितलं, कोण भेटलं ते जास्त सांगा, नावानिशी, त्यांना विचारून.

आणि त्यांना इकडं बोलवा. ते आले तर त्यांना पण पिवळ्या तापाचं कार्ड लागतं आपल्याकडं उतरताना, आणि टुरिस्ट व्हिसावर आलेल्यानं भारतात धर्मप्रसार करायचा नसतो, त्यामुळं त्यांना सभेत उभं करू नका, बॅनरवर नाव छापू नका. घरी राहू दे त्यांना. हरभऱ्याच्या शेतात न्या, बाजारात न्या, सज्जनगडावर, औंधला न्या, आणि आमटीत तिखट कमी घाला, म्हणजे पहिल्या दिवशी तरी.